छायाचित्राचें चित्र करतांना

आजकाल ज्याच्या त्याच्या खिशांत कॅमेरा असतो. लग्न असो, बारसें असो, शाळेचें स्नेहसंमेलन असो किंवा गड्ड्याची यात्रा असो, शेंकडों छायाचित्रें घेतलीं जातात. तीं एकदां चार लोकांस दाखविलीं जातात आणि मग मोबाइलच्या पोटांत कायमचीं झोपीं जातात. आमच्या आजोबांच्या काळीं घरांत फार तर दोन-तीन फोटो असत, पण ते काचेच्या चौकटींत भिंतीवर असत, दसऱ्याच्या सुमारास पुसले जात, आणि घरांतील लहान मूल त्यांच्याकडे बोट दाखवून विचारी, "हे कोण?" आज छायाचित्रें हजारों आहेत, परंतु भिंती मोकळ्या आहेत. यामुळेंच कीं काय, अलीकडे पुष्कळ विद्यार्थी आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारूं लागले आहेत : "सर, या फोटोचें पेंटिंग करतां येईल कां?"

आम्ही शाळेंत चित्रकला शिकवितों. संगणकाच्या वर्गांतील जुन्या यंत्रांपुढें, शनिवारीं शाळा सुटल्यावर, मुलांबरोबर बसून या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत आमचीं गेलीं दोन वर्षें मोठ्या आनंदांत गेलीं. उत्तर थोडक्यांत असें आहे : होय, करतां येतें, त्यास पैसे पडत नाहींत, परंतु त्यास वेळ पडतो, आणि तो वेळ कशांत घालवावयाचा हें ज्यास कळलें त्यासच चित्र साधतें. हेंच जरा विस्तारानें सांगावें, म्हणजे ज्या मुलांस या गोष्टीची हौस आहे त्यांस वाट सांपडेल, आणि मुलें संगणकापुढें तासन् तास बसून काय करतात हें त्यांच्या आईबापांसही समजेल, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

छायाचित्रास चित्राचें रूप यावें ही इच्छा संगणकानें निर्माण केलेली नाहीं. ती छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. छायाचित्रणाचा शोध १८३९ सालीं जगापुढें आला, आणि वीस वर्षें पुरीं होतात न होतात तोंच इंग्लंडांतील कलावंतांनीं त्यावर आपले प्रयोग आरंभिले. १८५७ सालीं ऑस्कर रेयलांडर यानें तीसांहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र सिद्ध केलें. पुढील वर्षीं हेन्री पीच रॉबिन्सन यानें पांच निगेटिव्हांतून एका मरणोन्मुख मुलीचें व तिच्याजवळच्या आप्तांचें चित्र तयार केलें. आज संगणकावर एकावर एक थर ठेवून जें काम आपण बसल्या जागीं करतों, तें हे गृहस्थ अंधाऱ्या खोलींत स्वतःच्या हातांनीं करीत. पुढें गोंदाची रीत निघाली. गोंदांत रंग व एक रासायनिक क्षार मिसळून तें मिश्रण कागदावर लावावयाचें, वर निगेटिव्ह ठेवून उजेडांत धरावयाचें, आणि मग पाण्यानें धुवावयाचें. जेथें उजेड लागला तेथला गोंद घट्ट होई, जेथें लागला नाहीं तेथला रंगासह वाहून जाई. आणि धुतांना कुंचला हातीं घेऊन कलावंत आपणांस नको तेवढा भाग पुसूनही टाकी. १९०७ च्या सुमारास आलेल्या ब्रोमॉइल रीतींत तर तेलकट शाई कुंचल्यानें हळूहळू ठोकून चित्र उठवावें लागे. एकेका चित्रापायीं तास न् तास जात.

आपल्या देशांतही ही हौस लवकरच आली. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालींच स्थापन झाली होती. फोटो काळापांढरा निघे. पण शालूचा काठ, गळ्यांतील सोनें व कपाळावरचें कुंकू हीं रंगांत हवींत असा गिऱ्हाइकाचा आग्रह असे. म्हणून पुष्कळ स्टुडिओंत फोटोवर रंग चढविणारा एक चित्रकार ठेवलेला असे. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें व पुढें बडोद्याच्या कलाभवनांत शिकले, आणि गोध्र्यास त्यांनीं फोटोग्राफीचा व्यवसाय केला. कुंचला आणि कॅमेरा या दोहोंवर हात बसलेल्या या गृहस्थानेंच १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणला. कोल्हापुरचे बाबूराव पेंटर हे नाटकाचे पडदे रंगवितां रंगवितां चित्रपटाकडे वळले. त्यांच्या नांवांतच त्यांचा मूळ धंदा राहून गेला आहे. आणि आपल्याच जिल्ह्यांतील पंढरपुरांत जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनीं आरंभीं मुंबईंत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरलें, हें सर्वश्रुत आहे.

सिनेमाचे हाताने रंगविलेले फलक आतां दिसेनासे झाले. त्यांची जागा छापील फलकांनीं घेतली. पण ते कसे रंगवीत हें आमच्या विषयास फार उपयोगी आहे. चित्रकारास नटाचा वीतभर फोटो मिळे. तो त्यावर पेन्सिलीनें चौकोन आंखी. मग वीस-वीस फुटी फलकावर तितकेच मोठे चौकोन आंखून एकेका चौकोनांतील रेघ वर चढवी. रंग भरतांना मात्र तो फोटोचा गुलाम रहात नसे. गालाच्या सावलींत निळा, हनुवटीखालीं हिरवट, नाकाच्या कडेस भडक नारिंगी, असे रुंद पट्टे तो बेधडक ओढी. फलकाखालीं उभें राहून पाहिलें तर नुसता रंगांचा चिखल. रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहिलें कीं तोच गाल जिवंत! फोटोंतील शंभर बारकावे टाकून त्यानें पांचच ठेवलेले असत. परंतु ते पांच कोणते, हें त्यास पक्कें ठाऊक असे. फोटोचें चित्र होण्याचें सारें रहस्य या निवडींत आहे.

चौकोनांची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. संगणकांतील छायाचित्र म्हणजे तरी काय आहे? बारीक बारीक रंगीत चौकोनांचा एक प्रचंड तक्ता. सोलापुरच्या मुलास हें समजण्यास अडचण पडूं नये, कारण आपल्या गांवची चादर याच तत्त्वावर निघते. नक्षी काढणारा कारागीर चौकोनी कागदावर फूल किंवा मोर काढतो. एकेक चौकोन भरला किंवा रिकामा ठेवला, कीं त्याप्रमाणें पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोंक पडतें किंवा पडत नाहीं. आणि जॅकार्ड त्या भोंकांच्या हुकुमानें ताण्याचे धागे उचलतो. फ्रान्सांत लियों येथें १८३९ सालीं याच यंत्रावर खुद्द जॅकार्डचें चित्र रेशमांत विणलें गेलें. त्यास सुमारें २४,००० पुठ्ठे लागले, आणि काम इतकें नाजूक उतरलें कीं पाहणारांस तें ताम्रपटावरून छापलेलें चित्र वाटे. आपल्याकडेही भिंतीवर लावावयाचीं विणलेलीं चित्रें होतात. म्हणजे यंत्रांतून चित्र निघूं शकतें. मात्र कोणता चौकोन भरावयाचा हें आधीं कोणा मनुष्यानें ठरविलेलें असावें लागतें.

आतां संगणकावरचा 'तैलरंगाचा फिल्टर' काय करतो तें पाहूं. त्यांचा एक साधा प्रकार असा : प्रत्येक चौकोनापाशीं थांबून तो त्याच्या शेजारपाजारच्या चौकोनांची मोजदाद करतो, आणि त्यांत ज्या छटेचे चौकोन सर्वांत अधिक असतील ती छटा त्या जागीं भरतो. बहुमताचा कारभार! दुसरा प्रकार अधिक चतुर आहे. तो कुवाहारा या जपानी शास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखला जातो. १९७६ सालीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं तो हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा स्वच्छ करण्यासाठीं योजिला होता. चित्रकलेचा विचारही त्यांत नव्हता. हा फिल्टर प्रत्येक चौकोनाभोंवतीं चार लहान मोहल्ले पाडतो. चारांपैकीं ज्या मोहल्ल्यांत रंगांची चढउतार सर्वांत कमी असेल, त्या मोहल्ल्याची सरासरी छटा तो मधल्या चौकोनास देतो. याचा परिणाम असा होतो कीं, सपाट भाग अधिक सपाट होतात, बारीक खरखर नाहींशी होते, पण भिंतीची कड किंवा गालाची रेषा पुसट न होतां ठसठशीत रहाते. रुंद कुंचल्यानें रंग फासल्यासारखें जें वाटतें तें यामुळेंच.

हें सारें करणारीं सॉफ्टवेअरें फुकट मिळतात, ही गोष्ट पालकांनीं अवश्य लक्षांत घ्यावी. 'जिंप' हें १९९६ सालीं प्रथम लोकांपुढें आलें व तेव्हांपासून तें कोणासही विनामूल्य वापरतां येतें. फ्रान्सांतील एका प्रयोगशाळेंत २००८ सालीं निघालेलें 'जीमिक' हें त्यास जोडतां येतें. त्यांत चित्रासारखा परिणाम देणारे फिल्टर डझनावारी आहेत. 'क्रिता' हें मुख्यतः चित्र रंगविण्यासाठीं असून त्यांत नाना तऱ्हेचे कुंचले आहेत. मोबाइलवर 'स्नॅपसीड' उजेड-सावली सुधारण्यास पुरेसें आहे. दरमहा वर्गणी मागणारीं महागडीं सॉफ्टवेअरें शिकाऊ मुलास मुळींच लागत नाहींत.

आतां कृति. पहिली गोष्ट छायाचित्र निवडण्याची. सोलापुरचें दुपारचें ऊन जेवढें अंगास बाधतें तेवढेंच चित्रासही बाधतें; डोळ्यांच्या खांचा काळ्या पडतात आणि पांढऱ्या भिंती अंगावर येतात. सकाळीं सातच्या सुमारास सिद्धेश्वराच्या तळ्याकांठीं उभे रहा. सूर्य खालीं असतो, देवळाचा एक अंग उजेडांत व दुसरा सावलींत असतो, पाण्यांत त्याचें प्रतिबिंब हलत असतें, आणि पलीकडे भुईकोट किल्ल्याचे बुरूज धूसर दिसतात. मग डोळे किलकिले करून पहा. किलकिल्या डोळ्यांस बारकावे दिसत नाहींत. उजेड, मधली छटा व सावली असे तीन-चार मोठे तुकडे तेवढे दिसतात. ते तुकडे सुबक दिसले तर त्या देखाव्याचें चित्र होईल. न दिसले तर जगांतील कोणतेंही सॉफ्टवेअर तेथें कामास येणार नाहीं.

दुसरी गोष्ट आकाराची. येथें पुष्कळ मुलें निराश होतात. मोबाइलचें एक साधें छायाचित्र ४,००० चौकोन रुंद व ३,००० उंच असतें, म्हणजे १ कोटी २० लाख चौकोन. फिल्टर भोंवतालचे पांच-सात चौकोन पहातो. इतक्या मोठ्या तक्त्यावर तेवढ्यानें कांहींच फरक दिसत नाहीं. यास्तव मूळ छायाचित्र सुरक्षित ठेवून त्याची एक प्रत काढावी व ती प्रथम लहान करावी. घरच्या भिंतीवर लावावयाच्या १२ इंच रुंदीच्या प्रतीस इंचास १५० प्रमाणें १,८०० चौकोन पुरतात. लहान प्रतीवर तोच फिल्टर तत्काळ कुंचल्यासारखा दिसूं लागतो.

तिसरी गोष्ट थरांची. एकाच छायाचित्राचे तीन थर एकावर एक ठेवावे. सर्वांत खालच्या थरास जाड फिल्टर लावावा, मधल्यास मध्यम, आणि वरचा जवळजवळ मूळचा ठेवावा. मग वरच्या दोन्ही थरांस 'मास्क' द्यावा. मास्क म्हणजे खिडकी कापलेला पुठ्ठा समजा : जेथें खिडकी, तेथें तो थर दिसतो, जेथें पुठ्ठा, तेथें खालचा. ही खिडकी काळ्या-पांढऱ्या कुंचल्यानें आपण स्वतः रंगवावयाची असते. आकाश, भिंत, जमीन हीं जाड फटकाऱ्यांत राहूं द्यावीं. कपडे, झाडें मध्यम. आणि जेथें पहाणाराची नजर स्थिरावी असें वाटतें तेथेंच बारकावा उघडावा. शेवटीं 'क्रिता'मध्यें नेऊन कांहीं फटकारे आपल्या हातानें मारावे, व कॅनव्हासाचा पोत अगदीं हलका द्यावा. छापतांना चकचकीत कागद घेऊं नये. मंद पृष्ठाचा घ्यावा. बटण दाबणें तीन सेकंदांचें काम आहे. खिडकी रंगविण्यास तीन दुपारी लागतात. चित्र या तीन दुपारींत होतें.

हें आम्हीं पुस्तकांत वाचून लिहीत नाहीं. एका आजीबाईंनीं तें आम्हांस शिकविलें. नववींतील एक विद्यार्थी शहराच्या पूर्व भागांत रहातो. त्या भागांत घरोघरीं मागाचा खडखडाट चालतो, आणि पुष्कळ स्त्रिया विड्या वळून संसार चालवितात. त्याच्या आजीनें चाळीसांहून अधिक वर्षें विड्या वळल्या. मुलानें दाराशीं बसलेल्या आजीचा फोटो काढला होता : मांडीवर सूप, सुपांत तंबाखू व कापलेलीं पानें, आणि दाराच्या उजेडांत दोन्ही हात. फोटो खरोखर चांगला होता. मुलानें त्यास एकच जाड फिल्टर लावला, आणि पडद्यावर तैलचित्रासारखें कांहीं उमटतांच वर्गांतील सर्व मुलांनीं वाहवा केली. मोठ्या उत्साहानें त्यानें त्याची प्रत छापून घरीं नेली.

आजींनीं प्रत दूर धरली, जवळ धरली, आणि अर्ध्या तेलुगूंत अर्ध्या मराठींत म्हणाल्या, "बाई छान आहे रे. पण हिच्यानं विडी वळवणार नाही."

मुलगा सोमवारीं तें वाक्य घेऊन आमच्याकडे आला. तो थोडा रडवेला झाला होता. आम्ही दोघांनीं मिळून प्रत पाहिली. आजी म्हणाल्या होत्या तें अक्षरशः खरें होतें. फिल्टरनें भिंतीचे पोपडे पुसले, तसेच बोटांचे पेरही पुसले होते. पानांच्या शिरा गेल्या, त्याबरोबर अंगठ्याचें तें जाड, झिजलेलें नखही गेलें, ज्यानें त्यांनीं आयुष्यभर विडीचें तोंड मिटलें. दोन्ही हातांच्या जागीं लोण्याचे दोन मऊ गोळे राहिले होते. फिल्टरचा यांत दोष नाहीं. त्यास पोपडा व पेर यांतला फरक कळत नाहीं; त्याच्या लेखीं दोन्ही सारखीच खरखर. एकानें घर जुनें दिसतें, दुसऱ्यानें घर चाललें, हें सांगणें नातवाचें काम होतें.

मग पुढील तीन शनिवार आम्ही त्या एका चित्रावर बसलों. भिंत, पत्रा व दाराची चौकट त्यानें जाड फटकाऱ्यांतच ठेविली. लुगड्याचा रंग मध्यम थरांतून घेतला. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांपैकीं सर्व ठेवल्या असत्या तर चेहरा जाळ्यासारखा झाला असता. म्हणून डोळ्यांच्या कोपऱ्यांतील व ओठांजवळच्या तेवढ्या ठेविल्या. यांतून कोणत्या ठेवाव्या याची त्यानें घरीं जाऊन आजीकडे पुन्हां पुन्हां पाहून खात्री करून घेतली. आम्हांस वाटतें, त्या महिन्यांत त्यानें आजीकडे जितकें पाहिलें तितकें पूर्वी कधीं पाहिलें नसेल. आणि हात? हातांवर त्यानें फिल्टर मुळींच राहूं दिला नाहीं. मूळ थराची खिडकी दहाही बोटांवर उघडून, नखाच्या कडेवर एक उजळ रेघ मात्र त्यानें स्वतःच्या हातानें ओढली.

नवी प्रत घरीं गेली. आजींनीं पुन्हां दूर धरली, जवळ धरली. "आता जमेल हिला," त्या म्हणाल्या, आणि क्षणभर थांबून पुढें म्हणाल्या, "सुपात पानं मात्र कमी घेतलीस." तें चित्र यंदाच्या प्रदर्शनांत लागलें होतें, ज्यांनीं त्याच्यापुढें उभें राहून हातांकडे पाहिलें, त्यांस ही हकीकत ठाऊक नसतांही नजर तेथेंच कां थांबली हें आतां कळेल. ही हकीकत आजींच्या परवानगीनें येथें दिली आहे.

आतां कोणी म्हणेल कीं, एवढे कष्ट कशास? हल्लीं अशीं अॅप निघालीं आहेत कीं कोणत्याही फोटोस व्हॅन गॉगच्या शैलीचें चित्र क्षणांत करून देतात. हें खरें आहे. २०१५ सालीं जर्मनींतील ट्यूबिंगन येथील तीन संशोधकांनीं एका चित्राची शैली दुसऱ्या छायाचित्रावर उतरविण्याची युक्ति प्रसिद्ध केली, आणि २०१६ सालीं 'प्रिझ्मा' या अॅपनें ती घरोघर नेली. तिच्या पाठीमागची गणितबुद्धि थक्क करणारी आहे, आणि मुलांनीं गंमत म्हणून ती अवश्य पहावी. परंतु व्हॅन गॉगनें १८८९ सालीं रात्रीचें आकाश वळसेदार फटकाऱ्यांनीं रंगविलें, तें त्याच्या मनांत त्या रात्रीविषयीं कांहीं होतें म्हणून. तेच वळसे सिद्धेश्वराच्या तळ्यावर, आजीच्या लुगड्यावर आणि शाळेच्या घंटेवर सरसकट पसरले, तर ते कोणाच्या मनांतून आले? दुसऱ्याची सही आपल्या पत्राखालीं करण्यासारखें तें होय. अक्षर सुंदर असेल, पण पत्र आपलें रहात नाहीं.

पालकांस दोन-तीन गोष्टी विनंतिपूर्वक सांगतों. घरांतील जुन्या फोटोवर असे प्रयोग करण्यापूर्वीं मूळ फोटोची स्वच्छ प्रत काढून ती निराळी जपून ठेवावी. तिला कोणताही फिल्टर लावूं नये. डाग पडलेला, कडा फाटलेला कां असेना, तो फोटो म्हणजे घराचा दस्तऐवज आहे. अनोळखी अॅपवर घरच्या माणसांचे, विशेषतः लहान मुलांचे चेहरे चढवूं नयेत; संगणकावर आपल्याच घरीं चालणारीं सॉफ्टवेअरें असतांना त्याची गरज नाहीं. ज्याचा फोटो त्याची अनुमति आधीं घ्यावी. आणि चित्र कोणास दाखवितांना 'छायाचित्रावरून केलेलें' असें खालीं लिहावें. त्यांत कमीपणा नाहीं. लपविलें तर मात्र पहाणाराची फसवणूक होते, आणि हातानें रंगविणाऱ्या कारागिराचाही मान जातो.

विद्यार्थिमित्रांनो, आमची एक सूचना ऐका. संगणक सुरू करण्यापूर्वीं एक कोरा कागद घ्या व छायाचित्राकडे पहात पेन्सिलीनें दहा रेघांत तें काढा. दहाच. अकरावी काढूं नका. त्या दहा रेघांत जें आलें तें तुमच्या चित्रांत स्पष्ट राहिलें पाहिजे. जें आलें नाहीं तें फिल्टरच्या स्वाधीन खुशाल करा. चित्र काढतां येत नाहीं म्हणून संगणकाकडे वळलेल्या मुलांसही या दहा रेघा काढतां येतात, आणि वर्षभरांत त्यांचा हात कसा सुधारतो हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

जानेवारींत संक्रांतीच्या दिवसांत नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंद्या घातलेल्या मंडळींच्या खांद्याकमरेच्या बळावर ते उंच काठ्यांचे ध्वज तोललेले असतात, आणि गर्दीचा तर पार नसतो. त्या दिवशीं हजारों मोबाइल वर होतात. सर्वांच्या छायाचित्रांत तीच गर्दी, तेच दिवे, तेच ध्वज येतात. तुम्हीं त्या गर्दींत एकच कांहीं निवडावें : काठी तोलणाऱ्याच्या मनगटाची शीर, किंवा वडिलांच्या खांद्यावर बसलेल्या पोराचे डोळे, किंवा बाजूला फुगे घेऊन उभ्या असलेल्या बाईची कंटाळलेली मान. उरलेलें सारें जाड फटकाऱ्यांत विरूं द्या. अशीं चित्रें, खालीं 'छायाचित्रावरून' असें लिहून व सोबत ती दहा रेघांची पेन्सिलची आकृति जोडून, फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत आमच्याकडे आणून द्यावीं. पुढील वर्षाच्या अंकांत त्यांस चार पानें राखून ठेवण्याचें संपादकांनीं आम्हांस वचन दिलें आहे.